एकही पान सुटत नाही

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये "हो का" पण करू नकोस, कारण मी एकदा थांबले ना तर पुन्हा मला सांगवणार नाही.

तर मी खुर्ची ओढून पाननंबरकाकांच्या शेजारी बसलेय आणि त्यांना म्हणतेय, काका, बघा हं, पापणी नका लवू देऊ, आणि मी बटण दाबलं. चार सेकंद. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर चारशेबारा पानं आहेत, सगळी पंपदुरुस्तीची. त्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर आपोआप एक चौकोन आला, "या पानावर काय काय आहे", आणि त्याखाली त्या पानातल्या हेडिंगांची यादी. बोट लावलं की थेट तिथे उडी. शिवाय अगदी तळाला एक लिंक, साइटमॅप, म्हणजे सगळ्या चारशेबारा पानांची एकच लांबलचक यादी, कुणी नवीन पान टाकलं की त्यात आपसूक भर पडणार.

काका बघत राहिले. मग म्हणाले, "झालं?"

"झालं!" मी म्हटलं. अगं, मी टाळीच वाजवली.

आता हे काका म्हणजे कोण, तर सव्वीस वर्षं याच कंपनीत. आधी छापील पुस्तिका होत्या, तेव्हा त्यांची अनुक्रमणिका हे करायचे, स्टीलची पट्टी ओळीवर ठेवून. मग वेबसाइट आली, तर पन्नाशीला टेकलेला हा माणूस एकटाच बसून कोड शिकला आणि तीच अनुक्रमणिका पानापानावर हाताने लिहायला लागला. कुठे एक ओळ बदलली की काका ती यादी बदलणार, तिची लिंक बदलणार, आणि वर एका जाड रजिस्टरमध्ये नोंद करणार. काहीही विचारा, पान सांगायचे. म्हणून पाननंबर. सेल्सवाला तर रोजच, "पाननंबर, माझा चहा कितव्या पानावर आलाय?" आणि काका पण मान वर न करता, "तुझा अजून छपाईत आहे."

आणि हेडिंग कसली द्यायचे माहितीये? इंजिनिअर लिहून पाठवायचे "विद्युत पुरवठ्यातील दोष". काका करायचे "बटण दाबलं तरी ढिम्म". "पाणी येतंय पण रडतखडत". म्हणायचे, ज्याचा पंप बंद पडलाय त्याचे हात ओले असतात ग, डोकं फिरलेलं असतं, त्याला तुझे मोठे शब्द कुठे सुचणार.

तर त्या दिवशी दुपारी त्यांना फोन आला. मी शेजारीच. ते हळू आवाजात म्हणाले, "दोन याद्या दिसतायत? वरची सोड. खालची आपली. हो, खालचीच." फोन ठेवला आणि मला विचारलं, "पोरी, हा तुझा चौकोन सगळ्या पानांवर येतो? एखादं पान सोडता येतं का?"

आता बघ. येतं सोडता. प्रत्येक पानाच्या बाजूला एक छोटीशी चौकट असते, त्यात खूण केली की ते पान यादीतही येत नाही आणि साइटमॅपमध्येही दिसत नाही. मला ते माहीत होतं. पण मी इतक्या तोऱ्यात होते ना, मी म्हटलं, "कशाला सोडायचं काका? तीच तर मजा आहे, एकही पान सुटत नाही!"

काका "बरं" म्हणाले आणि पट्टी पुसायला लागले. स्टीलची पट्टी. रुमालाने.

मग सोमवारची मीटिंग. मोठा पडदा, साहेब, सेल्सवाला, आम्ही दहाबारा जण. साहेब भलतेच खूश. साहेब म्हणाले, "जे काम हे सव्वीस वर्षं करत होते ते हिने चार सेकंदात केलं." सगळे हसले, काका पण हसले, आता हसण्यावाचून काय करणार. माउस सेल्सवाल्याकडे. तो साइटमॅप उघडून खाली खाली जातोय, वाचतोय, "घरगुती पंप, घर्षण, घर..." थांबला. "घर? हे कुठलं मॉडेल?"

उघडलं.

वर माझा चौकोन, त्यात यादी. फोन वाजला तर. दारावर कोणी आलं तर. गॅसला हात लावण्याआधी. किल्ली कुठे आहे. आरशात दिसते ती कोण. सहा वाजता येतो तो माणूस.

सेल्सवाला म्हणाला, "किल्ली कुंडीखाली! चला रे, पार्टी पाननंबरकडे!" हशा. मग शेवटच्या लिंकवर बोट लावलं आणि बायकी आवाज काढून वाचलं, "सहा वाजता जो माणूस येतो त्याच्याकडे निळी पिशवी असते. त्याला घाबरू नकोस. तो तुझा नवरा आहे. कधी चिडलेला दिसला तर तो पंपांवर चिडलेला असतो, तुझ्यावर नाही."

अगं, खोली फुटली हसून. आणि खरं सांगू? मी पण हसले. सगळ्यात मोठ्याने नाही. पण हसले.

काका उभे राहिले. "ते माझ्या घरचं आहे," म्हणाले.

मग कळलं सगळं. काकूंचं डोकं तीन वर्षांपासून पुसट होत चाललंय. कागदावर लिहून ठेवलं तर फाडतात, डायरी दिली तर कुठेतरी लपवून ठेवतात. एका गोष्टीला मात्र हात लावत नाहीत, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ठोकलेला टॅब. त्यावर हे पान चोवीस तास उघडं. काकांना पान बनवायची एकच जागा माहीत होती, ती म्हणजे आपली वेबसाइट. कुठूनही लिंक न देता तिथे ठेवून दिलं होतं, तीन वर्षं कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. मी येईपर्यंत.

साहेबांचा आवाज एकदम गोड झाला. त्यांचा आवाज गोड झाला ना की समजायचं. "अहो, कंपनीच्या सर्व्हरवर घरचं पान? शिवाय किल्ली कुठे ते साऱ्या जगाला सांगताय. काढायलाच हवं. तुमच्याच भल्यासाठी."

काका म्हणाले, "काढा साहेब. फक्त सहापर्यंत राहू द्या. मी घरी पोचलो की काढा. ती आत्ता बघत असेल, तिची जेवायची वेळ आहे."

आणि साहेब माझ्याकडे वळले. "काय ग, काढायला किती वेळ लागतो?"

आता तुला माहितीये आमच्यात कसं असतं. दोन मिनिटांच्या कामाला आम्ही दोन दिवस सांगतो. पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते, कुणी वेळ विचारला की आधी तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, बघावं लागेल. मी नुसतं "बघावं लागेल" म्हटलं असतं तरी सहा वाजले असते. पण एक तारखेला माझं पर्मनंटचं पत्र यायचंय, साहेब समोर, सगळे बघतायत, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"दोन सेकंद, सर."

"मग कर."

मी पान काढायला गेले. कोपऱ्यात एक आकडा असतो, हे पान आत्ता किती जण वाचतायत. तिथे एक होता. मी दाबलं. बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. एकाचा शून्य झाला.

काकांनी तिथेच घरी फोन लावला. वाजत राहिला. मग त्यांनी फोन खाली घेतला आणि कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "नाही उचलणार. फोन वाजला तर काय करायचं ते पहिल्याच नंबरला लिहिलं होतं."

घरी जायला निघाले तर साहेब म्हणाले, आधी लेखी खुलासा द्या, मग जा. दोनदा परत लिहायला लावला. मी पाहिलाय तो खुलासा, सुरुवातीला अनुक्रमणिका आहे. एक, काय केलं. दोन, का केलं. तीन, कुणाचं नुकसान झालं. तिसऱ्याखाली कोरं. पाच वाजून गेल्यावर सोडलं त्यांना.

आणि मी तोवर काय करत होते, तर लॉग बघत होते. लॉग म्हणजे कोणी कुठलं पान कधी उघडलं त्याची यादी, आपोआप लिहिली जाते. बारा एकेचाळीसला तेच पान, बारा बेचाळीसला तेच, पुन्हा तेच, पुन्हा. आणि नसलेलं पान कुणी उघडलं की काय दिसतं माहितीये? मी बनवलेला जोक. गळक्या पंपाचं कार्टून आणि खाली, "अरेरे! हे पान पाइपातून निसटलं!" मला त्यासाठी शाबासकी मिळाली होती. एकेचाळीस वेळा पाहिलं ग काकूंनी ते.

मग त्यांना तळाची लिंक सापडली. साइटमॅप. माझा. आणि त्या एकेक पान उघडायला लागल्या. "बटण दाबलं तरी ढिम्म." "आवाज येतोय पण हलत नाही." "किती वेळ थांबायचं." नवऱ्याची भाषा ओळखीची वाटली असेल, दुसरं काय. यादीतलं एकही सोडलं नाही, वरून खाली, ओळीने, सगळी दुपार. चारशेबारामधलं शेवटचं, म्हणजे आता चारशेअकरा, ते उघडलं पाच अठ्ठावन्नला. त्यानंतर काही नाही.

दुसऱ्या दिवशी काका सामान न्यायला आले. नोकरी गेली हे सांगायला नकोच. शर्ट कालचाच होता, बाहीला भिंतीचा चुना. मी विचारलं, "काका, काकू बऱ्या आहेत?"

"बरी आहे. दार नाही उघडलं तिने. कुंडीखालची किल्ली पण आत नेऊन ठेवली होती, हुशार आहे." पट्टी पिशवीत टाकत होते. निळ्या पिशवीत. "मी म्हटलं, अगं मी आहे. तर आतून म्हणते, असेल, पण पानावर तसं काही नाहीये."

"मग?"

"मग काय. सकाळी दूधवाल्याला उघडलं, त्याच्यामागून शिरलो."

 मग काका माझ्या टेबलाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, त्या पानाची एक प्रत मिळेल? तीन वर्षांत थोडंथोडं करून लिहिलं होतं. आता बसलो लिहायला तर मलाच आठवत नाही तिला कुठल्या शब्दांनी धीर यायचा."

आणि मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते."

अकरा दिवस झाले. विचारलं नाहीये.

पान आहे ग. बॅकअपमध्ये जसंच्या तसं आहे, मी रोज उघडून बघते. पुन्हा लावायला दोन सेकंद, आणि बाजूच्या चौकटीत खूण केली तर साइटमॅपमध्ये दिसणार पण नाही. पण साहेबांनी मला सांगून ठेवलंय, ते पान पुन्हा कुठे दिसलं तर जबाबदारी तुझी. आणि पत्र एक तारखेला आहे. आणि लॉगमध्ये अजून रोज सहाच्या आधी कुणीतरी एकदा ते पान उघडून बघतं, एकदाच, आणि बंद करतं.

आता बोल. नाही, तशी मान नको हलवूस, खरं सांग. बटणावर बोट तुझं असतं तर तू काय केलं असतंस?