निखळ पांढरा

"अगं ए, आधी बाहेर ये! कोंबड्याला काय झालंय बघ!"

कणकेचे हात तसेच घेऊन बायको अंगणात आली. कंपाउंडर कोंबडा काखेत धरून त्याचा पंख उन्हात पसरत होते. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी कालच निघाली होती.

"काय झालंय? चांगला ठणठणीत तर आहे."

"पिवळा पडलाय!"

"तो असाच आहे की. त्याचा बापही असाच होता."

कंपाउंडरांच्या पायाखालची जमीनच सरकली. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसाने या कोंबड्यांची जात जपण्यापलीकडे दुसरा उद्योग केला नव्हता. ही जात आता दोन-तीन घरांत जेमतेम उरलेली. तिचा मुख्य नियम एकच, पण जीवघेणा: पक्षी निखळ पांढरा हवा, पिसाच्या दांडीसकट. पिवळसर झाक दिसली की पैदाशीतून बाद. दरवर्षी पिल्लं मोठी झाली की कंपाउंडर एकेक उचलून निरखायचे आणि नापास झालेली खाटकाकडे धाडायचे. एवढ्या तोऱ्यात, की विचारू नका!

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का लावलंस?"

"अहो, तुम्ही त्याला पांढरा म्हणायचात. मला वाटलं, जातिवंतांतला पांढरा असाच असतो!"

मका जास्त झाला असेल, उन्हाने रापला असेल, असं पुटपुटत त्यांनी कोंबडा साबणाने धुतला. त्याने दोनदा कडकडून चोच मारली. मग पंखाखालचं, ऊन न लागलेलं पीस उपटून पाहिलं. दांडीही पिवळट. कोंबड्या धरधरून पाहिल्या. सगळ्या एकाच माळेचे मणी.

"गेल्या वर्षीच्या त्या दोन कोंबड्या मात्र कापसासारख्या होत्या हं," बायको म्हणाली. "तुरा वाकडा म्हणून खाटकाला दिलेल्या."

"गप्प बस गं बाई!"

ते अंगणात येरझाऱ्या घालू लागले. बसवेना, उभं राहवेना. आजच पोस्टमास्तरीणबाई यायच्या होत्या. त्यांच्या सगळ्या कोंबड्या रोगात गेल्या होत्या आणि कंपाउंडरांच्या जोडीवरच त्या नव्याने वंश उभा करणार होत्या.

दुपारी बाई टोपली घेऊन आल्या. कोंबडा नाकाला लागेल इतका जवळ धरून म्हणाल्या, "अहाहा! दूध हो, दूध! नजर असावी तर तुमच्यासारखी."

कंपाउंडरांच्या जिभेवर आलं होतं, न्या म्हणून. कोणाला कळतंय? त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढून पंखावर पसरला.

"यात नि पिसात फरक दिसतो का?"

"कसला फरक?"

"बाई, डोळे कधी तपासलेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या? कोंबडा बांधा."

"नाही देत. हा पिवळा आहे. सगळा कळप पिवळा आहे, आणि तो मीच केलाय. मला दिसतच नव्हतं."

बाईंनी कोंबड्याकडे पाहिलं, मग कंपाउंडरांकडे. बाईंचा चेहरा उतरला.

"द्यायचा नसेल तर सरळ सांगावं, कंपाउंडर. एवढ्या लांबून आले मी. सबबी कशाला?"

"सबब नाही हो! हिला विचारा हवं तर!"

पण बाई रिकामी टोपली उचलून चालत्याही झाल्या. फाटकाची कडी लावायलाही थांबल्या नाहीत. त्यांना हाक मारावी असं कंपाउंडरांना फार वाटलं, पण सांगण्यासारखं आणखी काही उरलंच नव्हतं. वाईट याचंच वाटलं, की खरं बोलून खोटे ठरलो.

आतून बायकोने विचारलं, "अहो, दवाखान्यातून फोन आलाय. दुसऱ्या डोळ्यासाठी कधी येताय म्हणून. काय सांगू?"

कोंबडा धुतलेल्या पिसांनिशी अंगणभर ऐटीत फिरत होता. कंपाउंडरांनी डाव्या डोळ्यावर तळवा धरला आणि उजव्याने त्याच्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र.

"सांग, थोडे दिवस राहू दे," ते म्हणाले, आणि तळवा न काढता तसेच उभे राहिले.