प्रेसचं चौथं दार

खुशालराव देव मानत नसत, वीज मानत. भातकुलीच्या शेतकरी घरातला हा माणूस अमरावतीला राहून विजेचं काम शिकला आणि अकोल्याच्या एका जीन-प्रेसमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, फोरमन झाला. तेव्हापासून जगातली प्रत्येक अडचण म्हणजे कुठेतरी सुटलेली तार, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. तार जोडली की अडचण मिटते. माणसांच्या भानगडींनाही ते हाच नियम लावत, आणि नियम लागू पडला नाही तर चूक माणसांची धरत.

मागच्या हंगामात प्रेसवर एक प्रकार घडला. बार्शीटाकळीकडचा देवमन नावाचा मजूर प्रेसच्या मागच्या अंगाला असे. रुई दाबून गठाण करताना थोडी रुई खाली सांदीत अडकते. मागच्या बारक्या दारातून हात घालून ती ओढून काढायची, हे त्याचं काम. अंधार, नाकातोंडात धूळ आणि डोक्यावर लोखंडी दट्ट्या. हे काम कोणीच मागत नसे, म्हणून ते देवमनकडे आलं होतं. एके दिवशी पुढच्या माणसाने मागे न बघता बटण दाबलं. देवमनने हात ओढला म्हणून हात राहिला. सदऱ्याची बाही मात्र गठाणीत दाबली जाऊन मुंबईला गेली. सगळे पोट धरून हसले. देवमनही हसला, पण दुसऱ्या दिवसापासून बाह्या खांद्यापर्यंत दुमडून कामाला बसू लागला. ते खुशालरावांनी पाहिलं.

देवमनवर त्यांचा जीव होता. चार वर्षांपूर्वी देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा सगळ्या कारखान्यात त्याचं अभिनंदन करणारे ते एकटेच. त्याच्या घरून आलेला चहा ते सर्वांदेखत पीत, आणि पिताना सर्व जण बघताहेत ना, हेही बघत.

तर खुशालरावांनी मनावर घेतलं. उन्हाळाभर खपून त्यांनी एक पेटी तयार केली. प्रेसच्या प्रत्येक दाराला एक खटका. दार नीट लागलं तरच खटका दबणार, सगळे खटके दबले तरच मोटरला वीज जाणार. एक जरी दार उघडं असलं, तरी कोणी कितीही बटण दाबो, दट्ट्या जागचा हलायचा नाही. प्रत्येक दाराचा पेटीवर एक हिरवा दिवा. माणूस विसरतो, पेटी विसरत नाही, असं ते सांगत सुटले. प्रेसवाल्यांनी तिचं नाव ठेवलं सासू. नावात कौतुक किती आणि वैताग किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

फक्त एक गोष्ट होती. या सासूला डोळे नव्हते. प्रेसची घडण काय, तिला दारं किती आणि कुठे, हे आधी नकाशावर काढून मग तारांनी तिला सांगावं लागे. सांगितलं ते तिला ठाऊक. जे सांगितलं नाही, ते तिच्या लेखी या जगात नाही. आणि मंजूर नकाशात प्रेसला तीनच दारं होती. देवमनचं मागचं दार आधीच्या मालकाच्या कोण्या फिटरने छिन्नी-हातोड्याने पाडलेलं. सरकारदरबारी त्याचा जन्मच झाला नव्हता.

खुशालराव मालकांकडे, चंद्रभानशेठकडे गेले.

"चौथं दार?" शेठजींनी विचारलं. "कोनतं चौथं दार?" त्यांच्या गादीवरून ते समोर दिसत होतं.

"मागचं. देवमन हात घालते ते."

"नकाशात हाय?"

"नाई."

"मंग ते नाईच. तिथं खटका बसवला तं इन्स्पेक्टर तार धरून दारापर्यंत येईन. नवा नकाशा, नवी मंजुरी. तवरिक हंगाम गेला."

"मंग बुजवून टाकू."

"अन अडकलेली रुई तुमी फुंकर मारून काढसान?"

म्हणजे दार हवं होतं, पण ते असायला नको होतं. ज्या दारासाठी सगळा खटाटोप, तेच सासूला दिसणार नव्हतं. तीन दिवे हिरवे झाले की ती खुशाल वीज सोडणार, आणि देवमनचा हात चौथ्या दारात. खुशालरावांना जेवण जाईना.

युक्ती सुचली ती खंडेनवमीला. नवं राज्य होऊन पहिलाच दसरा, त्यामुळे यंत्रांची पूजा दणक्यात होती. जीन-यंत्रांना झेंडूच्या माळा, मोटरींना हळदकुंकू. कपाळावर गंध नको म्हणून खुशालराव जीनघरात सटकले, तर समोर फ्यूजच्या डब्यावर ठोकलेली लक्ष्मीची तसबीर. त्यांना एकदम आठवलं, मागच्या खेपेला प्रत्येक खिळ्याला नावं ठेवणारा इन्स्पेक्टर या तसबिरीपुढे जोडे काढून उभा राहिला होता. विजेच्या डब्यावर खिळा ठोकला, याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

त्यांनी त्याच दिवशी नवा नकाशा काढला. प्रेसच्या मागे बारीक चौकोन केला आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: देव्हारा. खाली सही ठोकली.

शेठजींनी नकाशा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "खुशालरावजी, इतके दिवस हे डोकं कुठी ठेवलं होतं?" देवाला मंजुरी लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. दसऱ्याला मुहूर्त साधून त्या दाराच्या फळीवरच लक्ष्मीची नवी तसबीर स्क्रूने बसवली. दार उघडलं की देवी बाजूला फिरे आणि मागे प्रेसचं काळं पोट दिसे. नारळ कोणी फोडायचा यावर थोडी ओढाताण झाली, पण शेठजींनी मान खुशालरावांना दिला. त्यांनीही तो हसत फोडला. एक नारळ म्हणजे काय, देवमनच्या हातापुढे!

देवमन त्या दिवशी तिथे नव्हता. दरसालासारखा तो दसऱ्याला नागपूरला गेला होता. परत आल्यावर त्याने दाराकडे पाहिलं.

"हे काय लावलं, साहेब?"

"दिखाव्याचं हाय रे ते. मागं खटका हाय, तो पाहा. आता तुह्या हाताले काई होत नाई."

"मी पाया नाई पडत आता. तुमाले मालूम हाय."

"तुले कोन म्हनते पाया पड? दार उघड, रुई काढ, दार लाव. बस."

देवमनने दार उघडलं. खुशालरावांनी पुढे जाऊन बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मुठीने ठोकलं. दट्ट्या हलला नाही. चौथा दिवा विझलेला होता. खुशालरावांचे डोळे भरून आले. देवमनने खटक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बेस झालं साहेब. आता घरी सांगतो." त्याची बायको भागीरथा त्या बाहीच्या प्रकारापासून त्याला रोज सकाळी सोडताना रडत असे, हे खुशालरावांना तेव्हा कळलं.

दिवाळीआधी इन्स्पेक्टर येऊन गेला. देव्हाऱ्यापुढे त्याने जोडे काढले, हात जोडले आणि मग तार बघून विचारलं, "याला खटका कशासाठी?"

"पूजेच्या वेळी यंत्र चालू राहू नये म्हणून," खुशालराव म्हणाले.

इन्स्पेक्टर गहिवरला. विजेच्या माणसात इतकी श्रद्धा त्याने पाहिली नव्हती म्हणे. नकाशा जागच्या जागी मंजूर झाला. आता चौथं दार सासूलाही दिसलं होतं आणि सरकारलाही.

दिवाळी झाली, कापसाने भरलेल्या बैलबंड्या आवारात लागल्या आणि प्रेस सुरू करायचा दिवस उजाडला. पहिली गठाण भरली. रुई अडकली. देवमन उठला आणि त्याने दाराच्या कडीला हात घातला.

"थांब," प्रेसचे मुकादम नत्थुजी मधे आले. आवाज चढलेला नव्हता. "तू नोको उघडू, देवमन. ते दार देवाचं हाय."

"आठ साल मीच उघडून राह्यलो."

"तवा ते निसतं दार होतं."

पुढचे लोक मागे आले. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त देवमन आणि दार यांच्यामध्ये चारपाच माणसं येऊन उभी राहिली. नत्थुजींचा भाचा शेषराव तर आंघोळ करून तयारच होता. त्याने चपला काढल्या, नमस्कार केला, देवी बाजूला फिरवली आणि आरामात हात घालून रुई काढली. धोका नाही म्हटल्यावर त्या कामाला माणूस मिळायला किती वेळ लागणार होता?

खुशालराव धावत आले. "अरे, कायचा देवारा! त्या फोटोमागं प्रेसचं पोट हाय, पाहा ना डोयानं!"

"असं बोलू नोका, भाऊ," नत्थुजी कळवळून म्हणाले. "नारळ तुमीच फोडला."

खुशालराव तणतणत शेठजींकडे गेले. शेठजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"देवारा नाई म्हनता? मंग नकाशावर सही कोनाची हाय?"

"माही."

"म्हनजे सरकारले खोटं लिहून देल्लं?" शेठजींनी पानाचा विडा तोंडात सरकवला. "तुमी म्हनसान तं कळवू. दार बेकायदा, खटका काढा, फोटो काढा. देवमन बसन पयल्यासारखा, उघड्या दारात हात घालून. कळवू का?"

खुशालरावांनी मान हलवून नको म्हटलं. कळवलं असतं तर खोट्या सहीपायी नोकरी गेली असती, आणि खटका निघून देवमनचा हात पुन्हा दट्ट्याखाली आला असता. दोन्ही कारणं खरी होती. त्यांनी दुसरं पुढे केलं आणि पहिलं त्याच्या मागे उभं केलं.

"त्याले उपाशी नाई ठेवत मी," शेठजी म्हणाले. "आवार झाडायले ठेवून घेऊ."

देवमन फाटकापाशी उभा होता. आवार झाडायचं काम त्याच्या कानावर आधीच आलं होतं. ते त्याने घेतलं नाही, आणि का घेतलं नाही हे सांगितलंही नाही. खुशालरावांना ते विचारायचा धीर झाला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "हात तं वाचला ना, देवमन."

देवमनने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले, खडबडीत, शाबूत, दहाच्या दहा बोटांचे.

"वाचले, साहेब. आता हे घेऊन जाऊ कुठी, तेवढं सांगा."

आत शेषरावने दार लावलं, चारही दिवे हिरवे झाले, आणि सासूने वीज सोडली.