आकडा काढला तरी

माझ्याच कारखान्यात, माझ्याच डोळ्यांदेखत एका माणसानं मला फसवलं आणि वर म्हणाला, "काकू, समोर दिसतंय की!" तेव्हापासून कोणी समोर दिसतंय म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आमचं काम शिलाईचं आणि भरतकामाचं. शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या परिचारिकांचे झगे शिवायचे, त्यांच्या खिशावरचे बिल्ले भरून द्यायचे. भरतकामाचं एक मोठं मशीन, एक संगणक आणि दोघांच्या मधे एक जाड करडी वायर. बिल्ल्याची नक्षी संगणकावर काढायची, वायरीतून मशीनला पाठवायची, मग मशीन खडखडत भरतं. हे सगळं माझी धाकटी सून बघायची. बघायची म्हणते, कारण त्या दिवसाच्या नऊ दिवस आधी मी तिला तिथून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं होतं.

झालं असं. तिनं संगणकाचं टेबल खिडकीपासून आत सरकवलं, कापडाचा भुगा उडून आत जातो म्हणून. मला विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मशीन नवीन नक्षी घेईना. मग काय, माझ्या तोंडाला धार आली. बारा बायकांसमोर म्हणाले, "तूच मोडलंस. हाताला जरा चैन नाही तुझ्या. चालत्या गोष्टीला बोट लावलं नाही तर जेवण जात नाही का?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, मी दोन्ही बंद करूनच वायर काढली होती. मशीन धड आहे. त्याच्या पोटात आधीपासून साठवलेली नक्षी ते अजून भरतंय, फक्त नवी पोचत नाही. संगणकाच्या मागे वायर लागते ना, तो पोर्ट बोलत नाहीये."

"मग तो तुझ्यासारखाच दिसतोय," मी म्हणाले. "चार-चार दिवस बोलत नाही, आणि बोलला की उलटा."

बायका फिदीफिदी हसल्या. ती नाही हसली. मी संगणकाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

माझ्या थोरल्याला तर निमित्तच हवं होतं. त्याला कधीपासून नवीन मशीन आणायचं होतं, पडदा असलेलं, दिवे लुकलुकणारं. म्हणाला, "आई, हे भंगारात देऊ. नव्याबरोबर त्यांचा शिकलेला माणूसही येतो चालवायला. तिला घरी बसू दे आराम करत." आराम! चार वर्षं त्या मशीनपाशी बसून तिनं शेकडो बिल्ले काढले, एकही परत आला नाही. पण रागात होते मी. हो म्हणाले. शेवटचं एकदा तपासून घेऊ म्हणून त्यानं नव्या मशीनच्या दुकानातलाच दुरुस्तीवाला बोलावला, आणि चार वाजता भंगारवाल्याची गाडीही सांगून ठेवली. तपासणीच्या आधीच गाडी! माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्या सकाळी धाकटी मला जिन्यात गाठून म्हणाली, "आई, हे मशीन गेलं तर मी धागे कापत बसणार नाही. मागच्या गल्लीतल्या कारखान्यात मला बोलावलंय. आज काय होतं ते बघते आणि उद्यापासून तिकडे जाते."

"जा की," मी म्हणाले. "इथं काय तुला खुंटाला बांधलंय?" असं म्हणाले आणि दिवसभर जो हातात येईल त्याच्यावर ओरडत सुटले.

दुरुस्तीवाला तीन वाजता आला. कॉलर इतकी कडक की मान वळवायला अख्खा माणूस वळायचा. मी मनात त्याचं नाव कॉलरच ठेवलं. आला तो सरळ घडी घातलेल्या पांढऱ्या झग्यांवर आपली बॅग ठेवली.

"उचल ती," मी म्हणाले. "तुझ्या बॅगेखाली दवाखाना आहे."

बॅग उचलली, पण हसत. खोली उघडली, दार सताड ठेवलं, म्हणजे बायकांनाही दिसावं. त्यानं संगणक चालू केला, आपल्याकडची नवी वायर लावून मशीनला नक्षी पाठवून बघितली, ती गेली नाही. मग वायर काढून मला शिकवायला लागला, लहान मुलीला शिकवतात तसं.

"हे बघा काकू, या पोर्टात नऊ पिना असतात. तीन नंबरची पिन बोलते, दोन नंबरची ऐकते. या दोघींना तारेनं जोडलं, की संगणक जे बोलतो तेच त्याला परत ऐकू येतं. मी टाइप केलेलं अक्षर फिरून पडद्यावर आलं, की पोर्ट जिवंत. सोपं आहे. एक छोटीशी तार मिळेल का?"

"एवढी गाठोडंभर बॅग घेऊन आलास आणि तार माझ्याकडे मागतोस?"

"घरी राहिली, काकू."

"अक्कल आणलीस ना, की तीही घरी?"

थोरला म्हणाला, "आई, पुरे."

मी अंबाड्यातला आकडा उपसून कॉलरच्या हातात दिला. त्यानं तो चिमटीत दाबून अरुंद केला, संगणकामागे वाकून दोन पिनांवर बसवला, मग पुढे येऊन टाइप करायला लागला. पडद्यावर अक्षरं उमटली. एकामागून एक, मुंग्यांसारखी.

"समोर दिसतंय की! पोर्ट ठणठणीत आहे. वायर माझ्याकडची नवी लावली तरी मशीन घेत नाही, म्हणजे मशीनच्या आतला बोर्ड जळलाय. चालू असताना कोणीतरी वायर ओढली असणार. तो आता मिळत नाही. नवीन मशीनच घ्या."

बाराच्या बारा माना धागे कापायच्या टेबलाकडे वळल्या. काजं करणारी म्हणाली, "मावशी पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या." दुसरी म्हणाली, "मावशींची नजरच तशी." खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. धाकटीनं मान वर केली नाही. कात्री चालवत राहिली, कच, कच, कच.

कॉलर थोरल्याला दाखवायला अजून टाइप करतच होता, आपल्या दुकानाचं नाव पुन्हा पुन्हा. एका आकड्याविना माझा अंबाडा मानेवर घसरला. काम झालंय, आपली वस्तू घ्यावी, म्हणून मी मागे वाकले, आकडा काढून घेतला आणि केसात खोचायला हात वर नेला.

तो हात तसाच राहिला. पडद्यावर दुकानाचं नाव चाललंच होतं.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे सुई शोधायचं यंत्र आहे. भरताना सुई तुटते, टोक कापडात राहतं आणि तो गणवेश कुठल्यातरी लेकराच्या अंगावर जातो. म्हणून प्रत्येक नग त्या यंत्राखालून जातो. सुई असली की ते ओरडतं. पण कामाला सुरुवात करण्याआधी रोज सकाळी मी स्वतः दोन चिंध्या घालते. एकीत तुटकी सुई टाचलेली, एक कोरी. पहिलीला ओरडलं पाहिजे, दुसरीला गप्प बसलं पाहिजे. एका वर्षी ते सगळ्यालाच ओरडायला लागलं होतं, कोऱ्याला पण. कामाला लावलेली बाई म्हणाली, मावशी, चालतंय की, ओरडतंय की. तिला मी त्याच दिवशी तिथून उठवलं. जे सुई नसतानाही ओरडतं, त्याला सुई सापडली कशावरून?

मी पुढे आले. "टाइप कर बरं."

"काय टाइप करू?"

"काहीही. तुझ्या आजीचं नाव."

त्यानं टाइप केलं. आजी आली पडद्यावर.

"माझा आकडा कुठाय?"

"मागे लावलाय ना, काकू."

"मग हे माझ्या हातात काय आहे? तुझी आजी?"

बायकांमधे कोणीतरी खुसकन हसलं. कॉलर मागे जाऊन वाकून बघून आला. त्याचे कान लाल झाले.

"होतं असं कधीकधी..."

"काय होतं? बोलणारी पिन आणि ऐकणारी पिन जोडली नाही, तरी ऐकू येतं? मग जोडली तेव्हा तू मला काय दाखवलंस? नऊ दिवस माझी सून..." पुढचं वाक्य माझ्याकडेच वळत होतं, म्हणून मी ते तिथंच सोडलं.

धागे कापायच्या टेबलावरून आवाज आला. ती कात्रीकडेच बघत बोलत होती. "त्यांनी इको चालू ठेवलाय. त्यात टाइप केलेलं अक्षर संगणक स्वतःच पडद्यावर दाखवतो, पोर्टातून फिरून यायची वाट बघत नाही. पोर्ट चांगला असता आणि आकडा लावलेला असता, तर प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं असतं."

"हे तुला माहीत होतं, तर नऊ दिवस तोंड का शिवून बसलीस?"

आता तिनं वर बघितलं. "पहिल्या दिवशी बोलले होते, आई. तुम्ही बायकांना हसवलंत."

मी नुसतं बोट संगणकाकडे केलं. ती उठली, कॉलर बाजूला झाला, तिनं दोन बटणं दाबून इको बंद केला. आकडा बसवायला मीच खाली वाकले, गुडघे कडकड वाजले तरी. तिनं सांगितलं, वरच्या रांगेतली दुसरी आणि तिसरी, आणि मी बसवला. तिनं टाइप केलं. पडदा कोरा. पुन्हा केलं. कोरा.

"मेलाय," ती म्हणाली.

मी कॉलरकडे वळले. "कोणी मारला?"

"कोणी नाही, काकू. सोळा वर्षांचा संगणक आहे. जातात असे, वयानं."

म्हातारपणानं गेलेल्याचा खून मी सुनेच्या माथी मारला होता. त्या वेळी मला कॉलरचा जितका राग आला, त्याच्या दुप्पट माझा आला, आणि माझा काढता येईना म्हणून तोही त्याच्यावरच निघाला. दुकानाचं नाव टाइप करायला येतं आणि तपासायला येत नाही? एक बाई केस बांधायला वाकली म्हणून तुझं पितळ उघडं पडलं, नाहीतर आज माझं मशीन कुठं असतं? एवढ्यात खाली भंगारवाल्याचा भोंगा वाजला. थोरला चुळबुळत म्हणाला, "आई, गाडी आलीय. तरीपण नवीन घेतलं असतं तर..."

"तू एक अक्षर बोलू नकोस. त्याला जाऊन सांग, आमच्याकडे भंगार नाही. रिकामं जायचं नसेल तर हा कॉलरवाला घेऊन जा म्हणावं."

थोरला गेला. मी कॉलरला म्हणाले, "आणि तुझ्या बॅगेत नवा पोर्ट आहे का?"

"माझ्याकडे आहे," धाकटी म्हणाली. तिनं आपल्या पिशवीतून चपटी पेटी काढली. आत तळहाताएवढं हिरवं कार्ड, त्याच्या टोकाला नवा पोर्ट. "सहा दिवस झाले आणून. खोलीला कुलूप होतं."

किल्ली माझ्या कमरेला टोचत होती.

तिनं संगणक बंद केला, झाकण उघडलं, फुंकर मारून भुगा उडवला, कार्ड बसवलं. पुन्हा चालू. मी आकडा लावला, अक्षरं आली. मी आकडा काढला, अक्षरं थांबली. पुन्हा लावला, पुन्हा काढला. कोऱ्या पडद्यानं मला एवढा आनंद आयुष्यात दिला नव्हता. तिनं करडी वायर जोडली, शाळेच्या बिल्ल्याची नक्षी उघडली, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"आता काय? पाठव की."

ती हलली नाही. मला कळलं. मी कॉलरला ढकलून दारात उभा केला. "सांग सगळ्यांना, हिनं काही मोडलं नव्हतं."

त्यानं सांगितलं, पडेल आवाजात. तरी ती हलली नाही.

"ते आज आलेत, आई," ती म्हणाली. "मी मोडलं असं त्यांनी नऊ दिवसांपूर्वी नव्हतं म्हटलं."

बारा शिलाई मशीनं बंद झाली. मला वाटलं, जा म्हणावं, जा त्या मागच्या गल्लीत, एवढा ताठा असेल तर. जिभेवर आलं होतं. पण ताठा माझ्याच घरात येऊन शिकली होती ना ती!

मी दारात गेले. "ऐका गं. मशीन हिनं मोडलं नव्हतं. हिनं मोडलं असं मी म्हणाले ते खोटं होतं. न तपासता बोलले आणि तुमच्यासमोर हिचं हसं केलं. चुकलं माझं."

काजं करणारी लगेच म्हणाली, "हो मावशी, आम्हाला वाटतच होतं तसं."

"वाटत होतं? मग तेव्हा काय दातखीळ बसली होती? मी जे म्हणेन तेच परत म्हणता, त्या मेल्या पडद्यासारख्या! पुन्हा मला हो म्हणालीस ना विचार न करता, तर त्या सुईच्या यंत्राखालून काढीन तुला."

मागे मशीन खडखडायला लागलं. मी वळून बघितलं नाही.

धाकटीचा आवाज आला. "आई, आता बिल्ले भराभर पडतील. धागे कापायला माणूस लागेल."

"लागू दे."

"जागा रिकामीच आहे."

मी गेले आणि बसले. स्टूल एका पायानं लंगडं, वरचा पत्रा वर आलेला, लुगड्यातून टोचणारा. पाठ टेकायला काही नाही. वरची दिव्याची नळी लुकलुकते, धागा दिसत नाही. पाच मिनिटांत माझी कंबर गेली. भंगारवाल्याला वाटेला लावून थोरला वर आला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, "हे असलं स्टूल इथं कोणी ठेवलंय रे?"

तो दाराशीच थांबला. "तूच, आई," तो म्हणाला.

मी कात्री उचलली.