गव्हाणचा राखेचा साकव

मित्रांनो, मी एक जुना साकव, म्हणजे छोटा पूल आहे. गव्हाणच्या मिठागरात खाडीचं पाणी आणणाऱ्या चरावर मी आडवा पडलो आहे. माझा जन्म एकोणीसशे त्र्याण्णवचा. पण माझ्या अंगातला दगडाचा चुरा पृथ्वी तापलेली होती तेव्हाचा. त्यामुळे वयावरून माझ्याशी वाद घालू नका.

माझ्याआधी इथे एक देखणा साकव होता. खाऱ्या पाण्यानं त्याच्या पोटातलं लोखंड गंजवलं. तो फुगला, फुटला आणि एका भरतीत खाली बसला. तेव्हापासून मिठागरात राबणारी सखूबाई आणि तिच्या सोबतिणी मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कोसभर वळसा घालत. सखूबाईची मान इतकी आखडली होती, की चंद्र पाहायचा तर तिला चराच्या पाण्यातच पाहावा लागे!

मग पनवेलहून वसुंधराताई आल्या. त्या इंजिनिअर. भातगिरणीमागे तुसाच्या राखेचे ढीग होते, दगडखाणीवर चुऱ्याचे डोंगर. दोन्ही टाकून दिलेले. ताई म्हणाल्या, "थोडं सिमेंट कमी करून ही राख घालू, आणि वाळूऐवजी चुरा. असं काँक्रीट खाऱ्या पाण्याला सहज आत शिरू देत नाही."

ठेकेदार दयारामशेठ खो खो हसले. "सखूबाई, राखेनं दात घासतात! अठ्ठाविसाव्या दिवशी मिठाची भरली बैलगाडी यावरून गेली, तर मी मिशी उतरवतो."

"मिशीला तेल लावून ठेवा, शेठ," सखूबाई म्हणाली. "आमी राख दळतो."

पंचायतीकडे एकाच साकवापुरतं सिमेंट होतं. मी फसलो, तर वळसा कायमचा. बायकांनी घरोघरच्या जात्यांवर राख पिठासारखी दळली. आठवडाभर गव्हाणच्या भाकऱ्या सावळ्या झाल्या, पण गावात कोणाचा दात दुखला नाही.

मला ओतून झालं. "याला एकवीस दिवस ओला ठेवा," असं सांगून ताई गेल्या. बायकांनी माझ्यावर गोणपाटं पसरली आणि हंडेच्या हंडे पाणी ओतलं. मी सुखावलो. संध्याकाळी सखूबाईनं गोणपाटाला बोट लावून जिभेवर ठेवलं. मिठागरातल्या माणसाची सवयच ती.

"अगो मालू! पानी कुठलं घातलंस?"

"चरातलं, काकी. समोरच तर हाय!" हंडा घेऊन उभी असलेली पोर म्हणाली.

"खारं पानी? अगो, यानंच तर पयला साकव खाल्ला!"

चैत्राचे दिवस, विहीर तळाला गेलेली. तरीही बायकांनी मला गोड्या पाण्यानं धुऊन काढलं आणि एकवीस दिवस आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी मला पाजलं. अंघोळी तांब्यावर आल्या. खाऱ्या गावात सगळ्यात गोड पाणी प्यायलेला मीच!

सातव्या दिवशी दयारामशेठनी मला नखानं ओरखडलं. चरा उमटला. "कच्चा आहे!" ते ओरडले.

"राख सावकाश घट्ट होते, शेठ," पाहणीला परत आलेल्या ताई म्हणाल्या. "दिवस ठरलेत तेवढे भरू द्या."

अठ्ठाविसावा दिवस उजाडला. भरली गाडी आली. सखूबाई बैलांच्या पुढे, माझ्यावर अनवाणी उभी. "पडला तर माज्यासकट पडेल," ती म्हणाली. चाकं चढली. कुरकुर ऐकू आली, पण ती गाडीच्या आसाची होती, हे मी शपथेवर सांगतो. गाडी पार गेली! मग सगळ्या बायका चढून नाचल्या आणि मी खालच्या खेकड्यांना म्हणालो, "बघता काय, टाळ्या वाजवा!" त्यांनी नांग्या आपटल्या.

दुसऱ्या दिवशी दयारामशेठ बिनमिशीचे, राखेची पोती मागायला भातगिरणीवर उभे होते.

मित्रांनो, उकिरड्यावर काही फेकण्याआधी एकदा नीट बघा. आणि जे उभं केलंत, त्याला वेळ द्या, पाणी द्या. सखूबाई आता म्हातारी झाली आहे. तरी दर चैत्रात ती विहिरीचा एक हंडा माझ्यावर रिता करते, बोट ओलं करून चाखते आणि म्हणते, "गोड हाय. पी बाबा."