रुफिनो आला की हा झोपतो

बायकांचा मला कधी मत्सर वाटला नाही. माझ्या नवऱ्याकडे, निकानोरकडे वळून बघणाऱ्या बायका आमच्या अख्ख्या कोरिएन्तेस प्रांतात होत्याच किती! माझ्या डोळ्यांत सलायचा तो रुफिनो. लंगडत चालणारा, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेला बाप्या.

माल्विनास बेटांसाठी इंग्रजांशी झालेल्या युद्धात दोघं एकाच जहाजावर होते. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं आणि त्या गोठवणाऱ्या समुद्रात दोघं एकाच रबरी तराफ्यावर वाचले. एवढंच मला ठाऊक. बाकीचं माझा नवरा मला सांगत नसे, आणि माझ्याशेजारी झोपतही नसे. लग्न झाल्यापासून रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागलेला मी पाहिला नव्हता. मी शहाणी बायको! त्याला झोप लागावी म्हणून भिंतीकडे तोंड करून हूं की चूं न करता पडून राहायची.

रुफिनो दर मे महिन्यात यायचा. दुपारी जेवून, थंड तेरेरेचा पेला हातात घेऊन ओसरीवर आपल्या गुरांच्या बढाया सुरू करायचा, आणि निकानोर बघता बघता घोरू लागायचा.

यंदा माझा ताबा सुटला. "गप्प बसा की, झोपलाय तो!"

"गप्प बसलो तर उठेल, वहिनी."

"मग माझ्याजवळ का नाही झोपत? असं काय आहे तुमच्यात?"

एरवी त्यानं थट्टा केली असती. "तराफ्यावर जो गप्प होईल तो मेला समजायचं," तो म्हणाला. "बोलायचा थांबला की आम्ही त्याला थोबाडायचो. पहाटे आमच्यातला सोतो नावाचा पोरगा निकानोरच्या खांद्यावर शांत पडला. ह्याला वाटलं, झोपू दे बिचाऱ्याला. तो उठलाच नाही." त्यानं पेला भरून माझ्यापुढे केला. "तुम्ही झोपलात की हा तुमचा श्वास ऐकत बसतो."

मी झोपतच नव्हते. इतकी वर्षं निपचित पडून मीच त्याला जागं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच रुफिनोला मी नदीवर मासे धरायला पिटाळलं. निकानोरला आत नेलं, त्याच्या उशाशी मांडी घातली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. शेजारणीच्या कोंबड्या, माझ्या बहिणीचा आळशी नवरा, पाद्रीबाबांचं लांबलेलं प्रवचन, सुचेल ते. तो आधी चक्रावून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पापण्या मिटल्या.

रुफिनो परतला तेव्हा दारातच थबकला. "घोरतोय की," तो पुटपुटला, आणि त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? घशाला कोरड पडली होती, तरी मी बोलतच राहिले.