लेकेलेनीच्या वाट्याच्या विटा

माझा नवरा लेकेलेनी तापाने मेला तेव्हा कबर खणायला कुणी उठेना. खणणारे फावडी घेऊन आले होते, पण आंब्याखाली पाय पसरून बसले. मला कळलं. आमच्याकडे जो गावाच्या कामाला येत नाही, त्याच्या मातीला गाव हात लावत नाही. आणि लेकेलेनी शाळेच्या कामाकडे एकदाही फिरकला नव्हता.

शाळेसाठी विटा गावाने पाडायच्या, पत्रे सरकार देणार, असं ठरलं होतं. घरटी एकेक ढीग वाट्याला आला. बायका बुआ नदीवरून पाणी आणत, पुरुष मातीच्या खाणीत चिखल तुडवत आणि माझा नवरा मासे धरायला जाई. बोलावलं की म्हणायचा, "मला कुठे वाचता येतं? ज्यांना येतं त्यांनी पाडाव्यात!" आमची तियामीके त्याच आंब्याखाली शिकत होती. शेजारची नाफिरी पोरांना फुकट शिकवायची, आणि पाऊस आला की शाळा सुटायची. मी त्याला तोंडाने किती झोडपलं! हसायचा मेला. हसायचा मात्र गोड.

मी चिमकांगो मुखियासमोर गुडघे टेकले. दंड म्हणून कोंबडी देते म्हटलं.

"कोंबडी तूच खा," तो म्हणाला. "मला विटा हव्यात."

"त्याच्या वाट्याच्या मी पाडते. पण आधी त्याला पुरा."

तेव्हा कुठे फावडी चालली. मुखियाचा राग मात्र उतरला नव्हता. माती लोटण्याआधी मेलेल्याला 'सगळं माफ' म्हणायचं असतं. हा कबरीच्या काठावर उभा राहून म्हणाला, "लेकेलेनी, तुझ्या विटा राहिल्यात. ये आणि पाड!"

म्हाताऱ्यांनी जीभ चावली. उघड्या कबरीतल्या माणसाला नाव घेऊन कुणी कामाला बोलावतं का?

थोड्याच दिवसांत भर दुपारी खाणीतून आवाज यायला लागला. धप्. साच्यात चिखलाचा गोळा आपटल्यासारखा. जरा वेळाने पुन्हा धप्. खाणीत कुणीच नव्हतं. पाणी आणणाऱ्या बायका बादल्या टाकून पळाल्या. काम बंद पडलं. मुखिया कबरीवर जाऊन 'माफ, माफ' म्हणून आला, पण आवाज थांबला नाही.

मग तो माझ्या दारात आला. आता त्याचा आवाज पार खाली आला होता. "तू शब्द दिलायस, बाई. त्याचा ढीग पुरा कर, नाहीतर शाळा अशीच राहील."

मी गेले. चिखल साच्यात आपटला, साचा उलटा केला. पलीकडून धप् झालं. वीट दिसायची नाही, नुसता आवाज. मी दोन पाडायची तेव्हा त्याची एक. तिथेही आळशी! मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी रडायला लागले.

मग मी रोज जाऊ लागले. त्याला गावातलं सगळं सांगायची. तियामीके आता स्वतःचं नाव लिहिते, हेही सांगितलं. त्या दिवशी दोन धप् लागोपाठ आले.

पहिली नाफिरी आली, डोक्यावर पाणी घेऊन. "लवकर ओतून घे गं, माझा जीव जातोय," म्हणाली, पण दुसऱ्या दिवशीही आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या, मग पुरुष आले. कुणी मोठ्याने बोलत नसे. सगळ्यांचे ढीग पुरे झाले. माझाच तेवढा राहिला.

पाडलेली वीट मी वाकडी म्हणून मोडायची आणि पुन्हा चिखलात घालायची. नाफिरीने ते पाहिलं.

"ढीग संपला की तो जाईल, म्हणून ना?"

मी साचा धुवायला घेतला.

"त्याचा ढीग पुरा झाल्याशिवाय भट्टी रचायला कुणी धजत नाहीये. आणि डोंगरावर बघ, काळं झालंय. कच्च्या विटा भिजल्या तर साऱ्या गावाची मेहनत चिखलात जाईल. पोरं परत झाडाखाली. तुझीही."

"आठवडाभर दे गं मला."

"मी दिला असता," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ढग देतील का?"

दुसऱ्या दिवशी मी एकही वीट मोडली नाही. शेवटची पाडली, साचा उचलला. कोपरे कसे सुबक आले होते. पुरुषांनी निमूटपणे विटा उचलायला सुरुवात केली. खाणीत सगळं शांत झालं होतं. मी कान देऊन बसले, फार वेळ बसले. मग नुसत्या चिखलावरच हात आपटला. पलीकडून काही आलं नाही.

मी उठले आणि सगळ्या गावादेखत ओरडले, "अरे तियामीकेच्या बापा, आता कुठे कामाची सवय लागली होती तुला!"