ब-४०२ ची उशी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे शहाऐंशी माणसं होती. शनिवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी बाळ आपट्यांचा मेसेज आला आणि नऊ वाजेपर्यंत त्याखाली त्रेचाळीस जोडलेले हात, अकरा लालबुंद चेहरे, 'डोळे उघडले' असे सात शेरे आणि एक गुलाबाचं फूल जमलं. गुलाब चुकून आला असावा. प्रियदर्शनीने दोनदा मोजलं. ती नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि राग आला की मोजत सुटायची.

मेसेज असा होता: मुसलमान गादीवाले उशीत सुया, केस आणि मंतरलेले कागद घालून घरोघरी भांडणं लावतात, त्यांना दारात उभं करू नका.

वारज्याच्या या सोसायटीत गादीवाला एकच यायचा, निसारभाई पिंजारी. दर वर्षी थंडी सरली की त्यांचा टेम्पो पार्किंगमध्ये लागायचा आणि ज्याच्या त्याच्या उशीतला जुना कापूस पिंजून पुन्हा त्याच उशीत भरला जायचा. सचिव आपटेकाकांनी लगोलग रविवारच्या सभेत चौथा विषय घातला: गादीवाल्यास प्रवेश बंद करणे. पाचवा विषय चहा होता.

शनिवारी दुपारी निसारभाई प्रियदर्शनीला फाटकापाशी भेटले. शेजारच्या दोन सोसायट्यांनी येऊ नका म्हणून कळवलं होतं.

"ताई, इथं बंद झालं की वारज्यात बंद झालं. मग मशीन विकायचं न् घरी बसायचं."

"उद्या सभेला या," ती म्हणाली. "आणि येताना कात्री आणा."

रविवारी सभेला एकेचाळीस सभासद होते. शिवाय निसारभाई, पहिल्या रांगेत, बरोबर आपटेकाकांच्या समोर.

"काका, ठरावाचा आधार सभेत वाचून दाखवावा लागतो ना?" प्रियदर्शनीने विचारलं.

नियम म्हटला की आपटेकाका खुलायचे. त्यांनी फोन काढला, घसा साफ केला. "'मुसलमान गादीवाले...'" त्यांची नजर फोनवरून वर आली ती थेट निसारभाईंवर. "चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं."

"द्या, मी वाचतो," निसारभाई म्हणाले आणि त्यांनी हप्त्याची नोटीस वाचावी तसं संथपणे सगळं वाचलं. मग विचारलं, "काका, तुमच्या घरात भांडणं होतात?"

"होतात," मागून हेमाकाकू, म्हणजे सौ. आपटे, म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी सालापासून होतात. उशी मागच्या वर्षीची आहे."

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं आणि मग पुढे आलं.

"पाठवण्याआधी आपण हे वाचलं होतं?" प्रियदर्शनी म्हणाली.

"मी वर 'वाचनीय' असं लिहिलं होतं."

"म्हणजे नाही वाचलं," हेमाकाकूंनी खुलासा केला.

"उशा उसवून बघू या," प्रियदर्शनी म्हणाली. बारा घरांतून बारा उशा आल्या. निसारभाईंनी टाके सोडवले, ती चिमट्याने चाचपून वहीत नोंद करू लागली. तेवढ्यात ब विंगमधल्या सलिलला उकडलं आणि त्याने पंखा पाचावर लावला.

पुढची चार मिनिटं सभेला सभा म्हणता आलं नसतं. कापूस छताला लागला, मिश्यांना लागला, इतिवृत्ताच्या वहीत शिरला. माणसं शिंकत होती आणि शिंकता शिंकता हसत होती. आपटेकाका पांढरेशुभ्र होऊन "शांतता" म्हणत होते आणि त्यांच्या तोंडातून कापूस येत होता.

पंखा बंद झाला तेव्हा हेमाकाकूंच्या हातात त्यांच्याच उशीतला चौघडी घातलेला कागद होता. हसणं थांबलं. निसारभाईंनी मान खाली घातली.

"मंतरलेला," कोणीतरी पुटपुटलं.

प्रियदर्शनीने चिमट्याने घडी उलगडली आणि वाचलं, "'ब-४०२. जुना कापूस, एक किलो सातशे पन्नास ग्रॅम. दुसऱ्याचा कापूस आमच्यात मिसळू नये. हुकमावरून, बा. आपटे, सचिव.'"

"मागच्या वर्षी काकांनीच नोटीस लावली होती," निसारभाई हळूच म्हणाले. "आपापला कापूस आपल्यालाच परत मिळावा म्हणून. चिठ्ठ्या त्यांनीच लिहून दिल्या, मी प्रत्येक उशीत एकेक घातली. आता चारचौघांत त्यांचं नाव कसं घ्यायचं?"

आपटेकाका बराच वेळ भिवईवरचा कापूस काढत राहिले. मग उठून निसारभाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"निसारभाई, चूक झाली. मी वाचलं नव्हतं." त्यांनी तिथेच फोनवर तेवढंच टाइप करून ग्रुपवर पाठवलं, या वेळी पाठवण्याआधी दोनदा वाचून. "बाकीच्या दोन सोसायट्यांच्या सचिवांना आत्ता फोन करतो. आणि सुई द्या, एक बाजू मी शिवतो."

"वाकडी शिवाल," हेमाकाकू म्हणाल्या.

"शिवू द्या हो," निसारभाई म्हणाले. "मी उसवतो परत."

प्रियदर्शनीने संध्याकाळी सहाला वही पुरी केली. ठरावाच्या बाजूने शून्य, विरोधात एकेचाळीस. सोसायट्यांचे परत आलेले होकार, दोन. उसवलेल्या उशा बारा. सुया शून्य, केस तीन, चिठ्ठ्या बारा, सगळ्या एकाच हस्ताक्षरातल्या. ब-४०२ च्या उशीत परत भरलेल्या कापसाचं वजन, एक किलो सातशे चाळीस ग्रॅम, चिठ्ठीपेक्षा दहा कमी.